घोडेस्वार, गायी आणि तार्सिलाची पिल्लं

तार्सिलाच्या हातची पिल्लं मरत नाहीत, असं पुढे पुढे गावात म्हणायचे. हे काही खरं नव्हतं. मरायची, पण इतरांपेक्षा कमी मरायची, आणि मेली तर का मेली हे तिला सांगता यायचं. बाकीच्या बायका दृष्ट लागली म्हणून मोकळ्या व्हायच्या. तार्सिला मेलेलं पिल्लू उचलायची, त्याच्या गळ्याखालची पिशवी दोन बोटांनी चाचपायची आणि म्हणायची, "गांडूळ अख्खं दिलंत," किंवा, "वाळू घातली नव्हतीत ना?" असं तोंडावर सांगणारी बाई कुणालाच आवडत नाही. तरी पिल्लांनी माना टाकल्या की त्याच बायका त्यांना एप्रनमध्ये गुंडाळून तिच्याच दारात उभ्या राहायच्या, आणि बोलणी खाऊन, शहाण्या होऊन परत जायच्या.

ती मूळची सपाटीवरची नव्हती. उत्तरेला जे डोंगर दिसतात, त्या कार्नियातली. तिचा नवरा मेनी शिपाई असताना तिथल्या एका चौकीवर होता. येताना त्यानं पायमोज्यांचे दोन जोड आणि तार्सिलाशी ठरलेलं लग्न एवढं बरोबर आणलं. पायमोजे त्याची आई पेरिना हिला आवडले.

पेरिना घराची मालकीण. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, किल्ल्यांचा जुडगा कमरेला, आणि कोंबड्या तिच्या. कोंबड्या तिच्या म्हणजे काय, ते आमच्याकडच्या बायकांना सांगावं लागत नाही. शेत पुरुषांचं, दारू पुरुषांची, गोठा पुरुषांचा. पण अंडी घेऊन दोरा, मीठ, सुया देणारा फेरीवाला दारात आला की त्याच्याशी बोलायचा अधिकार कोंबड्यांच्या मालकिणीचा. घरात तेवढीच एक गोष्ट अशी, जिच्यासाठी बाईला कुणाला विचारावं लागत नाही. सुनेला मात्र सगळ्याच गोष्टींसाठी विचारावं लागायचं.

वसंत आला की या घरात माणसांची किंमत उतरायची आणि घोडेस्वारांची चढायची. रेशमाच्या किड्यांना आमच्याकडे किडे म्हणत नाहीत, घोडेस्वार म्हणतात. का म्हणतात हे पाद्रीबुवांनाही सांगता यायचं नाही. त्यांचं बी, म्हणजे खसखशीएवढी अंडी, पेरिना कापडाच्या पुरचुंडीत बांधून छातीशी ठेवायची आणि स्वतःच्या उबेनं उबवायची. त्या दिवसांत ती कुणावर ओरडायची नाही, कारण रागानं अंग तापतं आणि बी बिघडतं. घरातल्यांना हे दिवस फार आवडायचे. पुढे घोडेस्वार अंड्यांतून बाहेर पडले की स्वयंपाकघर त्यांचं, शेगडी त्यांची, पहाटेपासून रात्रीपर्यंत तुतीची पानं तोडून आणणारी माणसंही त्यांची. माणसं गोठ्यात झोपायची आणि घोडेस्वार वर माडीवर, चाळण्यांवर, नवरदेवासारखे.

लग्नानंतरच्या पहिल्याच वसंतात पेरिना जिन्यावरून ओरडली, "पोरी, अगं गायी झाल्यात! बाहेर काढ पटकन, नाहीतर सगळ्यांना लागेल!"

तार्सिला गोठ्यात गेली. दोन्ही गायी सोडल्या, नदीकडच्या कुरणात नेल्या, झाडाला बांधल्या, आणि लागू नये म्हणून एकमेकींपासून चांगल्या लांब बांधल्या. परत येऊन पाहते तो सासू माडीवरच्या चाळणीतून सुजलेले, पिवळट, चिकट किडे वेचून पाटीत टाकत होती. घोडेस्वार आजारी पडला, फुगला की त्याची गाय होते, हे सपाटीवरचं शेंबडं पोरही जाणतं. डोंगरातल्या मुलीला कोण सांगणार? तिच्याकडे गाय म्हणजे गाय.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. विहिरीवर बायका विचारायला लागल्या, "काय गं, घोड्यांना पण फिरवून आणलंस का?" मेनीसुद्धा हसला, आणि ते तिला सगळ्यात जास्त लागलं. ती रडली नाही. तिनं कानाला खडा लावला, की या घरात शब्द नीट कळल्याशिवाय पाय उचलायचा नाही. पण खुळी म्हणून जी ख्याती झाली ती झाली. पेरिना तेव्हापासून तिच्याशी मोठ्यानं आणि तोडून तोडून बोलायची, जशी माणसं बहिऱ्याशी बोलतात. "पोलेंटा. हलव. डावीकडून." पोलेंटा म्हणजे आमची मक्याच्या पिठाची घट्ट पेज.

तार्सिलाला या सगळ्याचं फारसं दुःख नव्हतं. दुःख होतं ते माहेरचं. वर तिची आई एकटी होती, एका शेळीबरोबर, आणि तिचे डोळे जात चालले होते. पहिल्या वर्षी तिनं विचारलं, "चार दिवस जाऊन येऊ?" पेरिना म्हणाली, "रेशीम होऊ दे." रेशीम झालं, तर गहू निघू दे. गहू निघाला, तर द्राक्षं होऊ देत. द्राक्षं झाली तोवर वरच्या खिंडीत बर्फ पडला. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच, त्याच क्रमानं. पेरिना दुष्ट नव्हती, हेही सांगायला हवं. तिचं स्वतःचं माहेर तालियामेंतो नदीच्या पलीकडे होतं, वारा असला तर तिथल्या चर्चची घंटा अंगणात ऐकू यायची, आणि ती कैक वर्षांत तिकडे गेली नव्हती. जे आपल्याला लागलं नाही ते दुसऱ्याला का लागावं, हे तिला खरोखरच कळत नव्हतं.

तिसऱ्या वसंतात मेनीनंच विषय काढला. बिचारा भित्रा होता, पण जेवताना, तोंडात घास असताना, म्हणजे अर्धं बोलणं कळू नये अशा बेतानं, तो म्हणाला, "आई, तिला एक खुडूक कोंबडी दे की. तिची म्हणून."

"तिची म्हणून? आणि काय करणार ती?"

"अंडी विकेल. माहेरी जाईल."

तेव्हा पेरिनाच्या छातीशी बी होतं. तिला चिडता येत नव्हतं. तिनं एक खोल श्वास घेतला आणि सुनेकडे वळून तोडून तोडून म्हणाली, "ऐक. एक कोंबडी. तिच्याखाली अंडी. जूनअखेरच्या संत पिएरीच्या सणापर्यंत जेवढी पिल्लं जगतील, तेवढी तुझी. त्यांची अंडी तुझी. मग डोंगरात जा नाहीतर चंद्रावर जा, मी विचारणार नाही. पण मेली, तर या घरात पुन्हा माहेरचं नाव काढायचं नाही. कळलं?"

"कळलं, सासूबाई."

"काय कळलं, ते सांग."

तार्सिलानं सगळं परत म्हणून दाखवलं. पेरिनानं दुसरी खुडूक स्वतःसाठी बसवली, कारण सुनेला एक कोंबडी देऊन आपण स्वस्थ बसायचं, हे तिच्या स्वभावात नव्हतं. पुरुषाच्या टोपीतून अंडी ठेवली की कोंबडे निघतात आणि बाईच्या रुमालातून ठेवली की कोंबड्या, असं आमच्याकडे मानतात. तार्सिलानं डोक्याचा रुमाल सोडला, त्यातून एकेक अंडं ठेवलं, आणि उरलेला दिवस उघड्या डोक्यानं काम केलं.

दोन्ही कोंबड्यांची पिल्लं एकाच आठवड्यात फुटली, आणि तीही घोडेस्वार कात टाकायच्या चौथ्या झोपेतून उठून शेवटच्या, राक्षसी भुकेला लागले तेव्हा. घरात कुणाला पाठ टेकायला फुरसत नव्हती. तरी तार्सिला पहाटे पानं तोडायला जाताना वाकडी वाट करायची. द्राक्षाच्या मळ्यांकडे जायची नाही. द्राक्षांवर निळं औषध मारलेलं असायचं, तिथलं गांडूळ कितीही गुबगुबीत असलं तरी ती हात लावायची नाही. उकिरड्यातलंही नाही. नदीकाठच्या झुडपांखालचे दगड उलटायचे, मुंग्यांचं घर सापडलं की मातीसकट ओंजळभर उचलायचं आणि घरी आणून उन्हात पांढऱ्या फडक्यावर पसरायचं. फडक्याचे कोपरे दुमडून आत चार हिरव्या काटक्या ठेवल्या, की मुंग्या घाबऱ्याघुबऱ्या होऊन आपली पांढरी कोशातली पिल्लं एकेक करून त्या सावलीत नेऊन ठेवतात. मग फडक्याची घडी उघडायची, मुंग्या झटकून टाकायच्या, आणि साळीच्या दाण्यांसारखा तो पांढरा ढीग बशीत भरायचा. मुंग्यांना कामाला लावून घ्यायची ही विद्या तिला आईनं दिली होती. मुंगी स्वतः पिल्लाला द्यायची नाही. ती आत गेली तरी चावते.

पहिले काही दिवस तेही नाही. उकडलेलं अंडं, बाजरीची कणी, बारीक चिरलेली खाजकुयलीसारखी ती रानभाजी, जिला हात लावला तर आग होते पण चिरली की पिल्लं जीव टाकतात. मग नदीची जाडसर वाळू चिमूटभर. "त्यांना दात कुठे आहेत?" ती मेनीला म्हणाली. "वाळू हेच त्यांचे दात. दात यायच्या आधी मांस कोण भरवतं?"

"आणि गांडुळं?"

"ती धुवून. आणि चोचीएवढी कापून. अख्खं दिलं की एक पळतं, बाकीची मागे लागतात, आणि पळणारं घाईघाईनं गिळतं. अर्ध्यात अडकलं की संपलं."

मेनीनं गवतावर बसून एकदा ते बघितलं. ती तळहातावर एकेक तुकडा ठेवायची. दांडगी पिल्लं पुढे यायची; ती दुसऱ्या हातानं त्यांना बाजूला सारायची आणि मागच्या, पंख ओघळलेल्या पिल्लापर्यंत हात न्यायची. थोडंच द्यायची. चव लागली पाहिजे, पोट दाण्यानंच भरलं पाहिजे. मेनीला घटकाभर वाटलं, आपण चुकून फार हुशार बाईशी लग्न केलंय. पण असं वाटणं त्याच्या सवयीत नव्हतं, त्यामुळे तो उठून कामाला गेला.

संत पिएरीचा सण जवळ आला होता, आणि तार्सिलाचं एकच पिल्लू गेलं होतं, तेही बादलीत बुडून. ती मनातल्या मनात वरची वाट चालायला लागली होती.

अशात माडीवर घोडेस्वारांच्या गायी व्हायला लागल्या. आधी एका चाळणीत, मग शेजारच्या, मग सगळीकडे. पेरिना पहाटेपासून वेचत होती. जे किडे दोन दिवसांत काटक्यांवर चढून रेशीम काढणार होते, ते बोटाएवढे फुगून पिवळं पाणी गाळत मरत होते. पुरुष जिन्यात बसलेले. पेरिनाचा चेहरा मातीसारखा झाला होता. एक पाटी भरली ती तिनं खाली आणून अंगणाच्या भिंतीशी ठेवली, मग दुसरी भरली. दुपारपर्यंत दोन्ही पाट्या उन्हात होत्या, आणि वास सुटला होता.

मग तिची नजर पिल्लांवर गेली. पेरिना अशी बाई होती, की मरणारं माणूस पाहिलं तरी याचे बूट कुणाला येतील हा विचार तिच्या मनात आधी यायचा. तिच्या घरात काही वाया जायचं नाही, आणि आज तर अर्ध्या वर्षाची कमाई वाया चालली होती. ती म्हणाली, "तार्सिला! त्या गायी पिल्लांना घाल. एवढं मांस उकिरड्यावर फेकायचं का? मोठ्या कोंबड्या दरवर्षी खातात, काही होत नाही."

मोठ्या कोंबड्या खातात, हे खरं होतं. मोठ्या कोंबड्या खिळेही खातात.  जे आपल्या पायानं पळतं तेच पिल्लाला द्यायचं. जे स्वतःहून मेलं, नासलं, ते कधीच नाही, हे तार्सिलाला बोलता यायच्या आधीपासून माहीत होतं. आणि बोटाएवढा किडा कोंबडीच्या पिल्लाच्या गळ्यात जाणार कसा? पण त्या दिवशी, त्या चेहऱ्याच्या सासूला, सुनेनं नाही म्हणायचं? या घरात तसं कुणी कधी केलं नव्हतं.

ती वळली. मग गोठ्यात गेली आणि दोन्ही गायी सोडून अंगणात हाकलत आणल्या, थेट पिल्लांच्या कुंपणापर्यंत.

"अगं ए! हे काय करतेस?" पेरिना किंचाळली.

"गायी पिल्लांना घालतेय, सासूबाई," तार्सिला म्हणाली, आणि तोंड उघडं टाकून उभी राहिली.

जिन्यावरचे पुरुष आधी बघत राहिले, आणि मग त्या सुतकातही हसू फुटलं. शेजारचा म्हातारा कुंपणावरून म्हणाला, "पेरिना, तुझ्या सुनेची पिल्लं फार खादाड निघाली गं!" गडबडीत एक गाय बिथरली, तिची लाथ पाटीला लागली, आणि पाटी उकिरड्यात उपडी झाली. मराठीत याला वेड पांघरून पेडगावला जाणं म्हणतात. तार्सिलाला हे पेडगाव कुठे आहे ते माहीत नव्हतं, पण ती तिथे व्यवस्थित पोचली होती.

फक्त पेरिना हसली नाही. ती सुनेकडे जरा जास्त वेळ बघत राहिली. मग पुटपुटली, "देवा, काय माझ्या नशिबी आणून बांधलीस," आणि दुसरी पाटी उचलून अंगणाच्या दुसऱ्या कोपऱ्यात, स्वतःच्या पिल्लांकडे निघाली.

तार्सिला गोठ्याच्या दारात गाय बांधत होती. तिनं ते पाहिलं. एक हाक मारली असती तर पुरलं असतं. पण हाक मारायची म्हणजे आपल्याला सगळं कळत होतं, हे उघड करायचं. म्हणजे सोंग उघडं पडणार, म्हणजे कोंबडी जाणार, म्हणजे माहेर जाणार. तिनं दावं खुंटीला गुंडाळलं, पुन्हा सोडलं, पुन्हा गुंडाळलं. पेरिनाचा आवाज आला, "पी, पी, पी, या गं, खा," असा, आजारी मुलाला भरवताना येतो तसा मऊ. बाईनं दिवसभरात तेवढीच एक गोष्ट मायेनं केली होती.

दोन पिल्लं तिथेच घुसमटून गेली. बाकीच्यांनी दुसऱ्या दिवशी माना टाकायला सुरुवात केली. डोळे उघडे, पाय चालायचे, पण मान जमिनीवर, जणू तिच्यातला दोरा कुणी काढून घेतलाय. त्यानंतरच्या सकाळी पेरिनाच्या कोंबडीभोवती एकही पिल्लू उरलं नाही, आणि ती खुळ्यासारखी कुक्‌कुक्‌ करत अंगणभर फिरत राहिली.

पेरिना मेलेली पिल्लं एप्रनमध्ये घेऊन आली आणि तार्सिला पोलेंटा ढवळत होती तिथे, तिच्यासमोर बाकावर बसली. मोठ्यानं बोलली नाही, तोडून तोडूनही बोलली नाही.

"तू पाहिलंस मला. गोठ्याच्या दारातून."

"हो."

"आणि गायी सोडल्यास, त्या कळून सोडल्यास."

तार्सिलानं लाकडी पळी थांबवली. पोलेंटा थांबवला की करपतो, हे दोघींनाही माहीत होतं. "हो," ती म्हणाली.

"नाही म्हणायला काय झालं होतं?"

"म्हटलं असतं तर ऐकलं असतंत?"

पेरिनानं खरंच विचार केला. एवढं मानायला हवं, की ती खोटं बोलणारी बाई नव्हती. "नसतं ऐकलं," ती म्हणाली. "त्या दिवशी तर देवाचंही ऐकलं नसतं. पण मग माझ्या पिल्लांच्या वेळी तरी ओरडायचं होतंस. त्यांनी काय केलं होतं तुझं?"

 तार्सिलाला लाज वाटत होती, दोन दिवस वाटत होती, झोपेतसुद्धा. "माझी वाचली होती," ती शेवटी म्हणाली. "मला जायचं होतं. तुमच्या पिल्लांचा विचार मी केला नाही. तोंड उघडलं होतं मी, सासूबाई. मग मिटलं."

करपल्याचा वास आला. पेरिना उठली, सुनेच्या हातातून पळी घेतली आणि स्वतः ढवळायला लागली. तिच्या एप्रनमधली पिल्लं बाकावर ओळीनं ठेवलेली होती.

"तीन वर्षं," ती भांड्यात बघत म्हणाली, "तीन वर्षं मी तुझ्याशी खुळ्या माणसाशी बोलावं तशी बोलतेय. ओरडून ओरडून माझा घसा बसला. आणि तू आपली 'हो सासूबाई' करत ऐकून घेत होतीस. वर बसून तुम्ही डोंगरातल्या लोकांनी आमच्यावर हसायचं, असंच ना?"

"हसले नाही मी कधी."

"हसायला हवं होतंस. मी हसले असते." तिनं पळी काठावर आपटली. "कोंबड्या आजपासून तू बघ. सगळ्या. सणाची वाट बघायला नको. फेरीवाल्याशी तूच बोल, पण त्याच्याकडून सुया मोजून घे, चोर आहे मेला. एकच अट. माझ्यासमोर पुन्हा खुळी व्हायचं नाही. गावासमोर हो, नवऱ्यासमोर हो, पाहिजे तर पाद्रीबुवांसमोर हो. माझ्यासमोर नाही."

"नाही होणार."

त्या वर्षी घरात रेशीम निम्मं आलं. त्याचं दुःख पुरुषांनी केलं. पेरिनानं पिल्लं तुतीच्या झाडाखाली पुरली आणि त्याबद्दल पुन्हा एक शब्द काढला नाही, ना सुनेशी, ना चर्चमधल्या पापकबुलीच्या खिडकीत.

आता गंमत अशी झाली, की कोंबड्या तार्सिलाच्या झाल्या आणि माहेर होतं त्याहून लांब गेलं. कुणाला विचारायचं नव्हतं, पण पाय निघत नव्हता. आणखी एक खुडूक बसलेली, तिची पिल्लं नुकती फुटलेली. दगड कोण उलटणार? गांडूळ कोण कापणार? मेनीला सांगून पाहिलं, तर त्यानं पहिल्याच दिवशी अख्खी गांडुळं टाकली आणि पिल्लांची पळापळ बघत हसत बसला. गहू निघाला. तार्सिला डोंगराकडे तोंड करूनच कपडे वाळत घालायची.

"जात का नाहीस?" पेरिनानं एकदा विचारलं. "आता मी अडवतेय का?"

"पिल्लं आहेत."

"मग? तुझ्या आधी या घरात पिल्लं वाढली नाहीत का?" असं म्हणून ती थांबली. बहुधा तिला तुतीचं झाड आठवलं. मग बाकावर येऊन बसली. "आण इकडे ती कात्री," ती म्हणाली. "दाखव."

शिकवणं सोपं नव्हतं. मुंग्यांचं फडकं पेरिनाला आवडलं. मुंग्या फुकट काम करतात हे पाहून ती इतकी खूश झाली, की दोन शेजारणींना बोलावून दाखवलं. वाळूचं पटलं. गांडुळाशी मात्र येऊन अडली. कात्री उघडायची आणि डोळे मिटायची.

"डोळे मिटून बोट कापाल, सासूबाई."

"अगं, जन्मभर मी किडे छातीशी धरून उबवले. आता म्हातारपणी कात्रीनं कापू?"

"मग पिल्लांनी अख्खी गिळावीत?"

पेरिनानं एक डोळा उघडला, कापलं, आणि चोचीएवढा तुकडा तळहातावर घेऊन वाकली. पिल्लं धावत आली. तिनं दांडग्याला मनगटानं बाजूला सारलं आणि हात मागे, पंख ओघळलेल्या पिल्लापर्यंत नेला. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं कधीतरी कुंपणाआडून बघून ठेवलं असणार. तार्सिलानं पुढचं गांडूळ धुवून तिच्यापुढे ठेवलं. 

द्राक्षं पिकायच्या आधी ती निघाली. गाठोड्यात आईसाठी मक्याचं पीठ, थोडं मीठ, आणि उकडलेली अंडी, स्वतःच्या कोंबड्यांची. मेनी गाडी जुंपत होता. पेरिना फाटकाशी उभी होती, हातात कात्री तशीच, कारण पिल्लांची वेळ झाली होती.

"लवकर ये," ती म्हणाली. "आणि ऐक. तुझ्या आईला विचार, बदकाच्या पिल्लांना सुरुवातीला काय घालतात. मला पुढच्या वर्षी बदकं ठेवायचीत, आणि ती माझ्याकडे नेहमी मरतात."

"मला माहितीय ते. सांगते की आत्ता."

"तुला माहीत असेल. तू तिला विचार. मी विचारलंय म्हणून सांग."

या घरातून डोंगरात लाकडी चमचे मागवले गेले होते, गवत कापायला माणसं मागवली गेली होती, सूनही मागवली गेली होती. तिथल्या कुणाला काही विचारण्याची वेळ आजवर आली नव्हती. गाडी रेल्वेपर्यंत, रेल्वे डोंगराच्या पायथ्यापर्यंत, आणि पुढे पायवाट. आई दारात बसली होती, शेळी शेजारी. पावलांच्या आवाजावरून कोण आलंय हे तिनं ओळखायच्या आत तार्सिलानं गाठोडं खाली टाकलं, तिच्या गुडघ्यांशी बसली, आणि ख्यालीखुशाली विचारायच्या आधी म्हणाली, "आई, सासूबाईंनी तुला काहीतरी विचारलंय."